घोडा चांगलाच आहे हो, पण पोरीला झेपेल का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्या गोव्यात पोरांना घोडेस्वारीला घालायची हौस बरीच वाढलीय आणि त्यात वाईट काही नाही, मोबाईल खाली ठेवून पोर शेणामातीत हात घालतंय हे बघून मला तरी बरंच वाटतं. माझं पत्र त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. क्लास जरा अंगवळणी पडला की आईबापांना स्वतःचा घोडा घ्यायची घाई सुटते, मग ओळखीत कोण घोड्यांतलं आहे त्याला फोन जातो, भाऊ जरा येऊन बघ ना, घोडा चांगला आहे का तेवढं सांग. मी कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी युनिटमध्ये होतो, नंतरही घोडे काही सुटले नाहीत, म्हणून हे फोन मला येतात. आणि घोडा चांगला आहे का, या प्रश्नावर माझं उत्तर नेहमी एकच, कोणासाठी? पोर जरा भित्रं असेल तर बघायचं एवढंच की हा घोडा दचकल्यावर काय करतो, हे पोर दचकल्यावर काय करतं, आणि दोघं एकदम दचकले तर काय होईल. रंग, उंची, जात, किंमत सगळं त्याच्या नंतर.

परवाचंच सांगतो. पर्वरीला माझा एक मित्र आहे, त्याची मुलगी अकरा वर्षांची. शिकताना एकदा पडली होती, फार लागलं नव्हतं पण मनात बसलं, तेव्हापासून घोड्यावर बसते खरी पण खांदे कानाला लागलेले. मित्राला पुण्याकडून एक रेसचा रिटायर घोडा जवळजवळ फुकट मिळत होता. दान मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण घोड्याचे मोजावेतच. हे उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. पाच वर्षांचा होईपर्यंत घोड्याचे पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात, तिथपर्यंत वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं कळतं, पुढे झिजेवरून अंदाज करावा लागतो. हा दातांवरून पाचाचाच होता. दिसायला काय सांगू, उन्हात तांब्यासारखी चमक, मित्र तर व्हिडिओ बघूनच खलास. वहिनी तेवढ्या गप्प होत्या.

आता रेसच्या घोड्यात दोष काय? काहीच नाही, दोष त्याच्या शिक्षणात शोधायचा. दोन वर्षांचा असल्यापासून त्याला एकच गोष्ट शिकवलेली, पळ. जॉकी आखूड रिकिबीवर उभा असतो, लगाम ताणलेला असतो आणि घोडा त्या लगामावर रेलून आणखी जोर लावतो. आता तिथे आपली पोरगी बसवा. घाबरलं की माणूस काय करतं, श्वास धरतं, पुढे वाकतं, टाचा पोटाला घट्ट आवळतं आणि दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढतं. टाचा आवळल्या म्हणजे चल, लगाम ओढला म्हणजे थांब, स्कूटरचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबल्यासारखं, आणि या घोड्याला तर लगाम ओढणं म्हणजे थांब हेही धड शिकवलेलं नाही. तो पळणारच. त्यात त्याची लबाडी नाही, त्याला जे कळलं ते त्याने केलं. अशा घोड्यांना पुन्हा बसून शिकवणारी माणसं आहेत, वर्ष-दोन वर्षं धीराने मेहनत घेतात आणि त्यातून फार चांगले घोडे तयार होतात, पण ते काम मोठ्या अनुभवी माणसाचं. घोडाही शिकतोय आणि पोरही शिकतंय, अशी जोडी लावू नये हे घोड्यांतला कुठलाही जुना माणूस सांगेल.

मित्र म्हणाला, अरे पण घोडा शांत आहे, व्हिडिओत बघ कसा उभा आहे. व्हिडिओत सगळेच शांत असतात बाबा.

भीती घोड्याला कळते का, यावर स्वीडनच्या संशोधकांचा एक अभ्यास 2009 मध्ये छापून आला होता, मला तो फार आवडतो म्हणून सांगतो. लोकांना घोडा घेऊन, कोणी चालत कोणी बसून, एका जागेवरून दुसऱ्या जागी चार वेळा जायला सांगितलं आणि चौथ्या फेरीच्या आधी सांगून ठेवलं की आता वाटेत एक छत्री उघडणार आहे. छत्री कोणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले, घोड्यांना तर कोणी काही सांगितलंही नव्हतं. तेव्हा 'तू घाबरू नकोस, त्याला कळतं' असं पोरीला सांगून काही होत नाही, उलट बिचारी आपण घाबरलोय याचीच भीती घेऊन बसते. घोडाच असा बघायचा की जो वरच्या माणसाची भीती ओळखूनही फार मनावर घेत नाही. असे घोडे असतात, पण ते बहुतेक करून वयाने मोठे असतात. दहा, बारा, पंधरा, अगदी अठरा वर्षांचा घोडा तब्येतीने धड असेल तर भित्र्या पोरासाठी पाचाच्या घोड्यापेक्षा शंभर पटीने बरा, नीट सांभाळला तर घोडा पंचवीस-तीस वर्षंसुद्धा जगतो. लोकांना मात्र म्हातारा नको असतो, पैसे देऊन म्हातारा कशाला म्हणतात.

दुसरा घोडा बघितला तो मारवाडी, कमानदार कानांचा, देखणा. मित्राचे सासरे बरोबर आलेले, ते मूळचे नंदुरबारकडचे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार लहानपणापासून बघितलेला माणूस. त्यांनी आल्या आल्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासले, देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, आहे म्हणाले, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी, घ्या डोळे मिटून, घरात बरकत येईल. मी म्हटलं मामा, बरकत येऊ दे, पण खोगिराचा तंग आवळताना त्याने कान मागे पाडले आणि खोगीर घालणाऱ्या पोऱ्याच्या दंडाला तोंड घातलं ते बघितलंत ना? ते म्हणाले, रक्त गरम आहे. भोवऱ्यांवर कोणी विश्वास ठेवायचा तर खुशाल ठेवा, मला वाद घालायचा नाही, फक्त भोवरा बघून झाल्यावर कान, शेपटी आणि डोळेही बघा. मग बोलता बोलता कळलं की हा घोडा लग्नात नाचवलेला. म्हणजे ढोल वाजला की पुढचे पाय उचलून नाचायचं हे त्याला शिकवलेलं, त्यासाठी शाबासकी मिळालेली. आता विचार करा, शिगम्याला ढोल-ताशे, वर पोरगी. आपल्याकडे सत्तरी-डिचोलीतल्या घोडेमोडणीच्या नाचातला घोडा लाकडाचा आणि कमरेला बांधलेला असतो, तो ढोलावर नाचला तरी कोणाला पाडत नाही, हा पाडेल. शिवाय तो अंड होता, खच्ची केलेला नव्हता. पोरांना अंड घोडा देऊ नये. यात चर्चा नको.

(गंमत अशी की एकेकाळी होर्मुझहून येणारे अरबी घोडे आपल्या गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरला जात होते, 1510 नंतर पोर्तुगीजांनी या धंद्यावर पकड बसवली ती त्यातल्या पैशासाठीच. तेव्हा घोडा पारखणारे दलाल इथे गल्लीगल्लीत असतील. आता आपण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघून घोडा ठरवतो.)

घोडा बघायला कसं जायचं ते सांगतो, कारण इथेच मैत्री कामाला येते. विकणारा घरी बोलावतो तेव्हा घोडा खोगीर घालून तयार उभा असला तर मी तिथेच सावध होतो. पाठीवर हात घालून बघायचं, खोगिराखाली घाम ओला आहे का, म्हणजे सकाळी त्याला गोल गोल पळवून दमवलंय का ते कळतं. दमलेला घोडा कुणाचाही शांत असतो. खालचा ओठ लोंबतोय, डोकं खाली, डोळे पेंगुळलेले, भर दिवसा, तर औषध दिलेलं असू शकतं. शांत करायचीही औषधं असतात आणि लंगडणं लपवायची वेदनाशामकंही असतात, दोन्ही रक्ताच्या तपासणीत सापडू शकतात, संशय आला तर व्हेटला रक्त घ्यायला सांगायचं, लाजायचं नाही. म्हणून मी मित्रांना सांगतो एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता जा. न सांगता गेल्यावर म्हणायचं, याला तबेल्यातून बाहेर काढा, आमच्यासमोर खरारा करा, चारी पाय उचलून दाखवा, खोगीर घाला. बसण्याआधीची ही वीस मिनिटं नीट बघितली की घोडा अर्धा कळतो. पोरगी रोज ह्याच गोष्टी करणार आहे ना, बसणं तर त्याच्या नंतर.

मग बसायचं कोणी, तर आधी विकणाऱ्याचा माणूस. तो बसायला का-कू करत असेल तर विषय संपला, चहा प्यायचा आणि घरी यायचं. त्याच्यानंतर आपला अनुभवी माणूस, आणि पोरगी सगळ्यात शेवटी, तेही दोरी कोणाच्या तरी हातात धरून, नुसतं चालत. विकणाऱ्याचा माणूस बसलेला असतानाच घोड्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून घ्यायचं आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर झटकतं, चांगला पाय टेकला की खाली येतं. हे एकदा दिसलं की परत परत दिसतं. पुढे त्याला बाकीच्या घोड्यांपासून एकटा लांब न्यायचं, गेटबाहेर. सोबत्यांशिवाय एक पाऊल टाकत नाही, किंवा तबेल्याकडे तोंड फिरवलं की चालच बदलते असे पुष्कळ असतात, मोठ्या माणसाला ते निभावतं, भित्र्या पोराला नाही.

आणि मुद्दाम थोडं घाबरवून बघायचं, म्हणजे छळायचं नाही, पण गोव्यात रोज जे घडतं तेवढं तरी झालं पाहिजे. कोणीतरी लांबून छत्री उघडा, प्लास्टिकची पिशवी फडफडवा, एखादी बुलेट रस्त्यावरून जाऊ द्या, माडाची झावळी पडते तसा आवाज करा. बुजणार नाही असा घोडा जगात नाही, त्याचा स्वभावच पळून जीव वाचवायचा आहे, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, नाकासमोरचा आणि शेपटीमागचा भाग तेवढा सोडून, म्हणून लहानसहान हललेलंही त्याला दिसतं. फरक असतो तो बुजण्यात. एक घोडा जागच्या जागी दचकतो, चार पाय रोवून, मान वर, नाकपुड्या फुगवून बघत राहतो आणि मग सुस्कारा टाकून डोकं खाली घालतो. दुसरा गर्रकन फिरतो आणि उधळतो. पहिल्यावर पोरगी टिकते, दुसऱ्यावरून मीही पडेन. आणि बुजल्यानंतर शांत व्हायला किती वेळ लागतो तेही बघायचं, एका मिनिटात विसरला तर बरा, पुढचा अर्धा तास त्याच कोपऱ्याकडे डोळे वटारत असेल तर त्याला राम राम. नरकासुराच्या रात्रीचे फटाके, चर्चच्या फेस्ताचे गर्नाल, हे सगळं इथे असणारच आहे.

याच्या उलटही एक चूक होते. लोक भित्र्या पोरासाठी इतका सुस्त घोडा शोधतात की तो हलतच नाही. मग पोर लाथा मारतं, दमतं, रडकुंडीला येतं आणि आपल्याला काही जमत नाही असं त्याला वाटतं, एक दिवस घोडा कंटाळून उसळतो. हळू बोललं तरी ऐकणारा पाहिजे, पण ओरडलं म्हणून पळणारा नको.

उंचीबद्दल थोडक्यात. घोड्याची उंची खांद्याच्या उंच भागाशी हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे 4 इंच. 14 हँड 2 इंच, म्हणजे 58 इंचांपर्यंत साधारण पोनी म्हणतात, रेसचे घोडे बरेचसे 16 हँडच्या आसपास. भित्र्या पोराला खाली बघितल्यावर जमीन जवळ दिसली पाहिजे, आणि तिचे पाय खोगिराच्या झडपेखाली उतरून घोड्याच्या पोटापर्यंत पोचले पाहिजेत, नाहीतर तिने टाच लावली तरी घोड्याला कळायचंच नाही. आपल्या महाराष्ट्रातलं भीमथडी तट्टू, भीमेच्या खोऱ्यातलं, धनगर लोक बिऱ्हाड लादून नेतात ते, चणीने लहान आणि काटक, चांगलं शिकवलेलं मिळालं तर पोरांसाठी मला आवडतं. पण लहान आहे म्हणजे गरीब आहे असं धरून चालू नका, काही पोनी महाइब्लिस असतात.

पोरीबद्दलही बोलायला हवं, तिच्याबद्दलच तर सगळं चाललंय आणि तिला कोणी विचारत नाही. बाप समोर उभा असला की पोर हो म्हणतं. मी तिला विहिरीकडे घेऊन गेलो आणि विचारलं, बाय, हा आवडला की तो? ती म्हणाली, काका, बाबांना तो तांबडा आवडलाय. मी म्हटलं तुला? तर म्हणाली, त्याच्याजवळ गेल्यावर माझ्या पोटात कसंतरी होतं. झालं. यापेक्षा मोठी तपासणी कुठला डॉक्टर करणार. पोर काय बोलतं त्याच्यापेक्षा त्याचे हात बघा, ते आपणहून घोड्याच्या मानेकडे जातात की पाठीमागे बांधलेले राहतात.

मित्रांना खरं सांगणं कठीण असतं हे मला मान्य आहे. माणूस खुशीत असतो, पैसे काढून ठेवलेले असतात, घोड्याचं नावसुद्धा ठरलेलं असतं. पण सोबत नेलेल्या माणसाने तिथे विकणाऱ्यासमोर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये, 'उद्या कळवतो' एवढंच म्हणावं, आणि गाडीत बसल्यावर सगळं बोलावं. सौद्यात ज्याचं कमिशन आहे त्याला सल्ला विचारू नये, क्लासच्या सरांनाही आधी सरळ विचारावं की तुम्हाला यातून काही मिळणार आहे का. तपासणीचा व्हेटही आपण आणायचा, विकणाऱ्याचा नेहमीचा नको. परराज्यातून, बाजारातून घोडा आणताय तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झालीय का बघा, तो माणसालाही होऊ शकतो आणि 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो येतो, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. धनुर्वाताची लस विसरू नका. आणि नालबंद कुठून येणार ते आधी विचारा, दर सहा ते आठ आठवड्यांनी तो लागतो. आपल्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस, चिखलात उभं राहून खुरं कुजतात, ज्याच्याकडे कोरडी जागा नाही त्याने घोडा आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक तक्रार मात्र जाहीर करतो. किनाऱ्यावर फोटोसाठी पोरांना घोड्यावर चढवतात, डोक्यावर काही नाही, पायात चप्पल. चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलं तर पाय अडकून पोर फरफटतं. टाच असलेला बूट आणि घोडेस्वारीचं हेल्मेट, हे दोन नसतील तर बसूच नये, टू-व्हीलरचं हेल्मेट चालवून घेऊ नका, ते जड असतं आणि त्यात नीट ऐकूही येत नाही. वर्तमानपत्रांतूनही असे उघड्या डोक्याचे फोटो कौतुकाने छापून येतात, तुमच्या छायाचित्रकारांनी तेवढं बघितलं तर उपकार होतील. आणि जे घोडे विकतात किंवा क्लास चालवतात त्यांना विनंती, विकण्याआधी महिनाभर तुमच्याच जागेवर ट्रायलला द्या. चांगला घोडा असेल तर तुमचं काही जात नाही.

माझ्या मित्राने शेवटी घोडा घेतला नाही. क्लासमध्येच एक सोळा वर्षांची राखी रंगाची घोडी आहे, पोट जरा सुटलेलं, फोटोत काही खास दिसत नाही, ती त्यांनी अर्ध्या खर्चावर घेतलीय, आठवड्यातले काही दिवस ती या पोरीची, बाकी दिवस क्लासची. मानेत एक जुना चामड्याचा पट्टा बांधून दिलाय, भीती वाटली की लगाम न ओढता पट्टा धरायचा. सासरे अजून पंचकल्याणीचंच नाव काढतात. पावसाळाभर असंच चालवून बघू आणि दिवाळीनंतर ठरवू असं वहिनी म्हणाल्या, मित्रानेही मान डोलावली.

आपला,
एक वाचक, डिचोली